मदत हवी आहे: आईला घेऊन पोलंडमधल्या आउगुस्तुफला जायचंय

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरचे. जुलैत आईला घेऊन पोलंडला जायचं ठरवतेय. आईचं वय ७१, गुडघे दुखतात, पण जायचं म्हणजे जायचंच असा तिचा हट्ट आहे. कारण थोडं सविस्तर सांगते.

माझी आजी वळिवड्याची. तिथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. जवळजवळ पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. पणजोबा छावणीत दूध घालायचे, आजी त्यांच्याबरोबर जायची. तिथे तिच्याच वयाच्या एका मुलीशी तिची गट्टी जमली. ती मुलगी थोडंफार मराठी शिकली होती. ती सांगायची, आमच्या गावाला तळं आहे, तुमच्या रंकाळ्यापेक्षा कितीतरी मोठं, आणि सगळीकडून जंगल. जाताना तिने आजीला एक पांढरा रुमाल दिला. त्यावर लाल दोऱ्याने होडी भरलीय, शेजारी सुरूसारखी दोन झाडं. एका झाडाचा शेंडा भरायचा राहिलाय, तिथे सुईची भोकं अजून दिसतात. आजी गेली, रुमाल आईच्या कपाटात आहे.

गावाचं नाव आजी 'अवगुस्तूप' म्हणायची. नकाशात ते काही केल्या सापडत नव्हतं. गेल्या दिवाळीत भाच्याने शोधून काढलं की पोलिशमध्ये शब्दाच्या शेवटी आलेल्या डब्ल्यूचा उच्चार 'फ' होतो आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ओचा 'उ'. मग पाच मिनिटांत सापडलं. ईशान्य पोलंडमध्ये, नेत्स्को तळ्याच्या काठी.

व्हिसाचं एजंट बघतोय. मला विचारायचंय ते असं: वॉर्सावरून ट्रेन बरी की बस? आई पूर्ण शाकाहारी आहे, तिथे काय खाईल? फार न चालता तळं आणि जंगल बघता येईल का? आणि त्या मुलीचं आडनाव आम्हाला माहीत नाही, तरी काही माग लागेल का? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी वॉर्सात राहतो, आउगुस्तुफला दोनदा जाऊन आलोय. वाचून अंगावर काटा आला.

ट्रेन थेट आहे, पण स्टेशन गावाबाहेर जंगलाच्या कडेला आहे. बस गावातल्या मुख्य चौकात सोडते. आईंसाठी बसच घ्या.

चालायची चिंता नको. नेत्स्कोच्या धक्क्यावरून बोटी सुटतात. स्टुजेनिच्नाला जाणारी घ्या. वाटेत प्शेव्येन्शचं लॉकगेट लागतं. बोट आत घेतात, दारं बंद करतात आणि पाण्याची पातळी बदलली की पुढे सोडतात. हा आउगुस्तुफ कालवा १८३९ मध्ये पुरा झाला, १०० किलोमीटरच्या वर लांब आहे. स्टुजेनिच्नाला पाण्यात एक छोटं चॅपल आहे, १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे तिथे आले होते. कालवा पुढे बेलारूसमध्ये जातो, त्या सीमेकडे मात्र फिरकू नका.

जेवणात 'प्येरोगी रुस्क्ये' मागा, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं. पण 'बेझ स्क्वारेक' असं बजावून सांगा, नाहीतर वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात. 'कार्ताचे' दिसायला बटाट्याचे गोळे, पण आत मांस असतं. जुलैत रानातली जांभळी यागोदी मिळतात, ती भरपूर खा.

जंगलात गोचिडी आहेत आणि त्यांच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो, हे हलक्यात घेऊ नका. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात मोजे, आणि रात्री अंग नीट तपासायचं. लशीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, कारण एका डोसवर भागत नाही.

आता शेवटचा प्रश्न. १९३९ मध्ये आउगुस्तुफ सोव्हिएत ताब्यात गेलं. १९४० आणि ४१ मध्ये त्या सगळ्या पट्ट्यातली कुटुंबंच्या कुटुंबं सायबेरिया-कझाकस्तानात पाठवली. त्यातलेच काही इराणमार्गे आपल्याकडे पोहोचले. अशा लोकांची नावनिशीवार सूची ऑनलाइन आहे, पण आडनावाशिवाय तिचा उपयोग नाही. मी तुमच्या जागी असतो तर रुमालाचा फोटो आणि आजींची हकिगत एका पानावर पोलिशमध्ये लिहून गावातल्या म्युझियममध्ये दिली असती. पान पाठवा, भाषांतर मी करून देतो. घर मात्र सापडेल असं धरून चालू नका. युद्धात गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

दादा, खूप खूप आभार. पान आज रात्रीच लिहायला घेते. आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. घराचं ऐकून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, रुमाल बरोबर घ्यायचा, फोटो नको. आणि विचारतेय की त्या धक्क्यावर पाण्यात पाय सोडून बसू देतात का?