कृत्रिम पाय बनवायचं शिक्षण कमी खर्चात कुठे घ्यावं?

प्रश्न (तासगाव, जि. सांगली):
मी बारावी सायन्स झाले. नीटचे मार्क एमबीबीएसला पुरणार नाहीत. मधुमेहामुळे माझ्या आजोबांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पहिल्या कृत्रिम पायाने नडगीच्या टोकाला जखम झाली. मग मिरजेतल्या एका दादांनी सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ते कवच, गरम करून एका जागी जरासं फुगवून दिलं आणि आठवड्याभरात आजोबा द्राक्षबागेच्या बांधापर्यंत गेले. तेव्हापासून मला हेच शिकायचंय. खासगी कॉलेजची फी ऐकून पप्पा गप्प झाले, यंदा अवकाळीनं बाग गेलीय. डिग्री सोडून एखादा छोटा कोर्स करू का?

उत्तर (मिरज, या कामात एकोणीस वर्षं):
छोट्या कोर्सवर थांबू नकोस. बीपीओ (बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स) ही या कामाची डिग्री साडेचार वर्षांची, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप.

आधी आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता बघ. 1992 च्या कायद्यानुसार त्यांच्याकडे नोंदणी नसेल तर हे काम करता येत नाही. माझ्या एका मित्राची 'मान्यता लवकरच मिळेल' या शब्दावर दोन वर्षं गेली.

खर्चाचं म्हणशील तर केंद्र सरकारच्या संस्था आधी बघ. कटकजवळच्या ओलटपूरचं स्वामी विवेकानंद संस्थान, कोलकात्याचं गतिशील दिव्यांगजन संस्थान, दिल्लीचं दीनदयाळ उपाध्याय संस्थान. यांची एकच सामाईक प्रवेश परीक्षा असते, आणि बीपीओला बायोलॉजी किंवा मॅथ्स चालतं. फी खासगीपेक्षा खूप कमी. मुंबईत हाजीअलीला केंद्राचीच संस्था आहे, तिथला कोर्स नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा आणि प्रवेश नीटवर, सीईटी सेलमधून. जागा मोजक्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई, पण राहण्याचा खर्च फीत मिळवूनच तुलना कर.

जिथं जाशील तिथं एवढं विचार: विद्यार्थी स्वतःच्या हातानं किती पेशंटच्या उरलेल्या पायाचे प्लास्टरचे साचे घेतात? तुझ्या आजोबांचंच घे. ऑपरेशननंतर स्टंप, म्हणजे उरलेला पाय, कित्येक महिने बारीक होत जातो, सॉकेट सैल पडतं, पाय आत घसरतो आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर, म्हणजे दोरीसारख्या जाड पट्ट्यावर, यायचं वजन हाडाच्या टोकावर येतं. सॉकेट फुगवायला दोन मिनिटं लागली असतील. नेमकं कुठे फुगवायचं हे प्लास्टरमध्ये हात घातल्याशिवाय येत नाही.

उत्तर (कराड):
माझा पाय गुडघ्याच्या वरून काढलाय, सात वर्षं कृत्रिम पायानं चालतोय. मुलींनी या कामात यायलाच हवं. माझ्या मावशीचाही पाय मांडीतून गेलाय. पुरुषापुढे साचा द्यायला नको म्हणून ती वर्षभर कुबड्यांवरच राहिली. शिकून इकडेच ये.

प्रश्नकर्ती:
पप्पांना सगळं वाचून दाखवलं. मावशींचं ऐकून आजी म्हणाली, हिला जाऊ द्या. पप्पा विचारतायत, ओलटपूरला मुलींचं हॉस्टेल आहे का?

उत्तर (मिरज):
संस्थेच्या ऑफिसला फोन करून हॉस्टेल, मेस आणि पूर्ण साडेचार वर्षांची फी वडिलांनाच विचारू दे. आणि फॉर्म भरण्याआधी एक दिवस आमच्या वर्कशॉपला ये. आजोबांना आण. जुने कपडे घाल, प्लास्टर सगळीकडे उडतं.