'इम्युनिटी डेट'ला मराठीत काय म्हणाल?

सायली_अनुवाद: न्यूझीलंडवरचा एक लेख मराठीत आणतेय. २०२० च्या हिवाळ्यात तिथे फ्लू आणि आरएसव्ही (तान्ह्या मुलांच्या श्वासावर उठणारा विषाणू) जवळजवळ दिसलेच नाहीत. २०२१ च्या हिवाळ्यात, ऑस्ट्रेलियाशी ये-जा सुरू झाल्यानंतर, आरएसव्हीने बालरुग्णांचे वॉर्ड भरले. त्या संदर्भातल्या 'इम्युनिटी डेट'ला, म्हणजे लॉकडाऊनमध्ये विषाणूंशी गाठ न पडल्याने प्रतिकारशक्तीत राहिलेल्या तुटीला, मी 'प्रतिकारशक्तीचं कर्ज' लिहिलं. संपादक म्हणतात 'ऋण' करा. मला दोन्ही पटत नाहीत.

गोदातीर: ऋण नकोच. मातृऋण, पितृऋण यांच्या पंगतीत विषाणू कशाला? सरळ 'उधारी' लिहा.

बालरोगवाला: कर्ज, उधारी वाचून आईबापांना वाटतं, मुलाला घरात ठेवून आपणच त्याची ताकद घालवली. तसं झालेलं नाही. आरएसव्ही कधीच न झालेली, दोन वर्षांत जन्मलेली मुलं साठत गेली आणि तो आल्यावर एकदमच आजारी पडली. माझं मत 'अनुशेष'.

वऱ्हाडी: १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून सिंचनाचा अनुशेष ऐकतोय. अनुशेष कुणीतरी भरून द्यायचा असतो, डॉक्टर. आजार भरून द्या असं कोण म्हणेल?

ऑकलंडची_मीरा: त्या जुलैत आमची तान्ही आजारी होती. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, पोट उडतंय तिचं, आधी दवाखाना गाठ." नर्सला ते इंग्रजीत सांगता येईना. झबलं वर करून दाखवलं. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

बालरोगवाला: मीराताई, 'पोट उडणं' ऐकलं की मी रांग थांबवून ते मूल आधी बघतो. हा शब्द आयांनी सोडू नये.

गोदातीर: सायलीताई, लॉकडाऊनला काय लिहिलंत?

सायली_अनुवाद: टाळेबंदी.

गोदातीर: चूक! टाळेबंदी म्हणजे मालकाने कामगारांना बाहेर ठेवून कारखान्याला टाळं ठोकणं. इथे तर माणसं आत होती.

वऱ्हाडी: मला तो 'टाळणे'वरून आलेला वाटतो. माणसं टाळायची होती ना.

गोदातीर: संस्कृत तालक, त्याचं टाळं. हिंदीत ताला.

ऑकलंडची_मीरा: २०२० पासून अख्खा महाराष्ट्र टाळेबंदी म्हणतोय. अर्थ बदलला, मान्य करा.

बालरोगवाला: शिवाय सगळ्याच विषाणूंना ती बंदी सारखी लागली नाही. फ्लूच्या विषाणूचा बी-यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेला नाही. राइनोव्हायरसचं साधं पडसं मात्र चालू राहिलं. त्याला मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे हातावरच्या सॅनिटायझरला तो तितका दबत नाही.

सायली_अनुवाद: लेख उद्या द्यायचाय. अनुशेष की उधारी?

वऱ्हाडी: पडसं म्हणजे नाक वाहणं, सर्दी वेगळी. आमच्याकडे दोन्ही एक धरत नाहीत.