नेटवर्किंगसाठी गणित कितपत लागतं?

मदत हवी आहे. मी परभणीचा, कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा) करायचं पक्कं आहे, पण गणित कच्चं. इंटिग्रेशन तर डोक्यावरून जातं. पॅकेट ट्रेसर या सरावाच्या सॉफ्टवेअरवर व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी भाग), ओएसपीएफ (राउटरने मार्ग ठरवण्याची पद्धत) जमतं आणि मनापासून आवडतं. सबनेटिंगही, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडणं, कागदावर येतं: /२६ म्हणजे ६४ आयपी पत्ते, त्यातले ६२ उपकरणांना देता येतात, मास्क २५५.२५५.२५५.१९२. पण वेळ फार लागतो, आणि परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. व्हिडिओ पाहून झाले, दोनाच्या घातांचा तक्ता रोज लिहितो. पुण्यात क्लास लावणं सध्या शक्य नाही. नोकरी संभाजीनगरात मिळाली तर उत्तमच.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या दादा-ताईंनी कृपया सांगावं: रोजच्या कामात बायनरीपलीकडचं गणित कुठे लागतं का? आणि सबनेटिंगचा वेग वाढवायला नेमका कसला सराव करू?