बाबांसाठी चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप / टॅब सुचवा (ठाणे, बजेट १२ हजार)

ऋतुजा_नौपाडा
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ७१) दिवाळीनंतर स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात-पाय अधू आणि वाचा गेली. डॉक्टर अफेजिया म्हणतात. आपण बोललेलं बरंचसं कळतं, पण स्वतः बोलायला गेले की एकच शब्द बाहेर पडतो, "नंतर". पाणी हवं तरी नंतर, पंखा बंद कर तरी नंतर, चिडले की मोठ्याने नंतर. आई अगदी रडकुंडीला आलीय.

चित्रावर बोट ठेवलं की मोबाईल बोलतो, असली ॲप असतात ती बघा असं थेरपिस्ट म्हणाल्या. एक टाकून बघितलं तर उघडल्या उघडल्या कार्टूनमधलं बाळ दुधाचा पेला घेऊन हजर. बाबांनी मोबाईल पालथा घातला. वागळे इस्टेटमध्ये सुपरवायझर होते ते, माणसं वचकून असायची.

मराठी बोलणारं हवं आणि मोठ्या माणसाला वापरताना लाज वाटू नये. डिव्हाइससकट बजेट १२,०००, त्याच्यावर जमणार नाही, फिजिओचा खर्च चालूच आहे. वापरलेल्यांनीच लिहा प्लीज.

घोडबंदरचा_राजा
सरळ आयपॅड घ्या. माझा भाचा सॅन होजेला असतो, त्याच्या मुलाला आयपॅडवर प्रोलोक्वोटूगो हे बोलणारं ॲप घेऊन दिलंय, पोरगा वाक्यंच्या वाक्यं बोलतो. स्वस्तातलं घेतलं की दोनदा खर्च होतो. मी स्वतः आयपॅड प्रो वापरतो, आजवर एक ओरखडा नाही.

खडूस_कोपरीकर
राजे, १२ हजार लिहिलंय. त्यात तुमच्या आयपॅडची पेन्सिल येईल. शिवाय ते ॲप फक्त ॲपलवर चालतं, त्याचेच वीस हजारांच्या वर मोजावे लागतात आणि मराठीचा पत्ता नाही. नौपाड्यात ताईंचे बाबा आईंकडे इंग्रजीत चहा मागणार का?

नेरुळची_आई
ऋतुजा, माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आम्ही जेलो ॲप वापरतो. आपल्या पवईच्या आयआयटीत, तिथल्या डिझाइन विभागात (आयडीसी) प्रा. रवी पूवय्या यांच्या टीमने केलेलं आहे. पूर्ण फुकट आणि मराठीत. कडेला आवडतं-आवडत नाही, हो-नाही, अजून-कमी अशी सहा बटणं असतात. चहाचं चित्र दाबून "अजून" दाबलं की अख्खं वाक्य बोलतं. साध्या अँड्रॉइडवर चालतं. बजेटमधले १२ हजार तसेच राहतील तुझे :)

मिलिंद_कळवा
जेलो +१. पण टॅबच घ्या, १० इंची. मोबाईलवर म्हाताऱ्या माणसाचं बोट भलतीकडेच पडतं. मी आईसाठी ऑनलाइन सेलमध्ये साडेसात हजाराचा घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, सहा महिन्यांत बॅटरी बसली, सर्व्हिस सेंटरवाला म्हणे मदरबोर्ड बदला. पण स्क्रीन मात्र झकास आहे.

खडूस_कोपरीकर
ही शिफारस आहे की तक्रार?

सानपाडा_सुलू
सासूबाईंना असंच झालं होतं. त्यांनी टॅबला हात लावला नाही. शेवटी घरातल्याच वस्तूंचे, माणसांचे फोटो काढले, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून रिंगच्या फाइलमध्ये लावले. त्यांचा कप, त्यांची खोली, आम्ही सगळे, त्यांचे डॉक्टर. चार्जिंग नाही, पडून फुटायचं नाही. फक्त चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट चमकते आणि काही दिसत नाही. मॅट मागा.

वरुण_ऐरोली
बाबांना एक पाटी नाहीतर वही द्या ना. डाव्या हाताने लिहून दाखवतील. ॲपबिपची गरजच नाही.

वाशीची_स्पीचथेरपिस्ट
वरुण, हे सगळेच सुचवतात, म्हणून जरा सविस्तर. अफेजियात घसा किंवा जीभ बिघडलेली नसते, मेंदूत भाषेचं जे काम चालतं तिथेच घाव असतो. त्यामुळे बहुतेकांचं लिहिणं-वाचणंही कमीजास्त अडतं. बोलता न येणारा शब्द लिहून येईल असं धरून पाटी हातात देऊ नये, माणूस आणखी खचतो. चित्र समोर असलं की शब्द शोधावा लागत नाही, ओळखावा लागतो. चित्रांचा फायदा तो आहे.

ऋतुजा, "नंतर" वाचून आश्चर्य वाटलं नाही. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोकाने ज्या रुग्णावरून मेंदूतली ही जागा दाखवून दिली, त्यालाही फक्त "टॅन" एवढंच म्हणता यायचं. हॉस्पिटलात त्याला लोक टॅनच म्हणायचे. तेव्हा बाबा "नंतर" म्हणाले म्हणून कुणी पुढचं ताट उचलू नका. सूर आणि चेहरा बघा.

कुठलंही ॲप घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, हो-नाही पक्कं आहे का? अफेजियात पुष्कळदा मनात "नाही" असतं आणि मान होकारार्थी हलते. "तुमचं नाव अमुक का?" असं मुद्दाम चुकीचं विचारून बघा. गोंधळ होत असेल तर बरोबर-चूक अशी दोन मोठी कार्डं आधी पक्की करा. दुसरं, उजवीकडचं दिसतंय का? डाव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये काहींची उजवीकडची नजर जाते. ताटातला उजवीकडचा पदार्थ तसाच राहतो का बघा. तसं असेल तर महत्त्वाची चित्रं डाव्या बाजूला घ्या.

घोडबंदरचा_राजा
माहितीपूर्ण. पण डोळ्यांनी चालणारं मशीन पण मिळतं, टोबी कंपनीचं, स्वीडनचं. स्टीफन हॉकिंग तसंच डोळ्यांनी बोलायचे. हात-बोट काही लागत नाही.

वरुण_ऐरोली
हॉकिंग डोळ्यांनी नाही, गालाच्या स्नायूने चालवायचे. चष्म्याला सेन्सर होता, गाल हलला की क्लिक व्हायचं.

घोडबंदरचा_राजा
गाल काय, डोळा काय, मुद्दा टेक्नॉलॉजीचा आहे.

खडूस_कोपरीकर
मुद्दा किमतीचा आहे. त्या मशीनला लाखांत पैसे जातात. आणि हॉकिंगना अफेजिया नव्हता, मोटर न्यूरॉनचा आजार होता. भाषा शाबूत, स्नायू गेलेले. इथे नेमकं उलटं आहे. बाबांचा डावा हात चालतोय, त्यांना डोळ्यांनी कशाला क्लिक करायला लावता?

पांचपाखाडी_प्रभाकर
माझं स्पष्ट मत, हे असलं काही देऊ नका. मशीन बोलायला लागलं की माणूस प्रयत्न सोडतो. आमच्या शेजारच्या काकांचं तेच झालं.

नेरुळची_आई
प्रभाकरकाका, हे ऐकून ऐकून कान किटले. माझ्या मुलाच्या वेळी नातेवाइकांनी हेच सांगितलं, आणि तो पहिल्यांदा "नको" तोंडाने बोलला ते ॲप आल्यानंतर.

वाशीची_स्पीचथेरपिस्ट
यावर अभ्यास झालाय. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी आधीच्या संशोधनाचा आढावा घेतला. सर्वात भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. तो आढावा जन्मापासून किंवा लहानपणापासून अडचण असलेल्यांचा आहे, स्ट्रोकचा नाही, म्हणून तो जसाच्या तसा बाबांना लावणार नाही. पण "मशीन दिलं की बोलणं सुटतं" याला निदान तिथे तरी आधार मिळाला नाही. तोंडाची थेरपी चालूच ठेवायची असते, चित्रं तिच्या जोडीला.

ऋतुजा_नौपाडा
सगळ्यांचे आभार. हो-नाही तपासलं. खरंच गोंधळ होता! इतके दिवस आई त्यांच्या मानेवर विसंबून होती. दिसण्याचा प्रश्न नाही वाटत.

एक विचारायचं राहिलं. संध्याकाळी आई दिवा लावून आरती म्हणते, तेव्हा बाबा अख्खी आरती शब्दन् शब्द म्हणतात. काका म्हणतात, मग बोलता येतंय, आळस करतोय. यावर घरात भांडण झालं.

सानपाडा_सुलू
सासूबाई एक ते दहा म्हणायच्या, पण "तीन पोळ्या" म्हणता यायचं नाही. काकांना धागा वाचायला द्या.

वाशीची_स्पीचथेरपिस्ट
आळस अजिबात नाही. पाठ असलेलं, चालीवरचं, आकडे, वार, अगदी शिव्यासुद्धा, हे मेंदू एकसंध बाहेर काढतो. नवीन वाक्य जुळवणं हे वेगळं काम. चालीचा आधार घेऊन बोलायला लावायची एक थेरपीही आहे, तुमच्या थेरपिस्टना विचारा.

चित्रं निवडताना मात्र एक सांगते. घरचे लोक नुसती नामं भरतात. चहा, पाणी, गोळी, संडास. मग तो माणूस दिवसभर मागण्यापुरताच उरतो. "थांब", "तुला कळलं नाही", "मला एकट्याला बसू दे", "विषय बदल", "आज कोण आलं होतं?" हे आधी घाला. आणि तुम्ही बोलतानाही त्याच चित्रांवर बोट ठेवत बोला. फक्त बाबांनीच दाबायचं असेल तर ती परीक्षा वाटते. पानावर सुरुवातीला चारच चित्रं.

लहान मुलांची चित्रं नको असतील तर अरासाक बघा. स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा चित्रसंग्रह आहे, हजारो चित्रं, विक्रीसाठी नसेल तर फुकट. माणसाच्या त्वचेचा, केसांचा रंगही बदलता येतो.

मिलिंद_कळवा
अरासाक उत्तम. टॅबवर छान मोठं दिसतं.

जुईनगर_जयू
निरामय विम्यातून थेरपीचे पैसे मिळतात ना? १ लाखापर्यंत. आणि खारघरला राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे, तिकडे जा.

नेरुळची_आई
जयू, निरामय नॅशनल ट्रस्टचं आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता एवढ्यांनाच. खारघरचं केंद्रही बौद्धिक दिव्यांगांसाठी. ऋतुजाच्या बाबांना वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था जास्त योग्य, ती वाचा आणि श्रवणाचीच आहे. ठाण्याहून दादर करून जावं लागेल एवढंच.

खडूस_कोपरीकर
आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज विचारात ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत अफेजियाचं नाव घेऊन उल्लेख आहे. मात्र दिव्यांगत्व कायमस्वरूपी असावं लागतं, त्यामुळे लगेच देतील असं नाही. एका सरकारी खिडकीवर मला "चालता येतंय ना, मग कसलं कार्ड" असं ऐकवलं होतं. कायद्याची प्रिंट सोबत ठेवा.

ऋतुजा_नौपाडा
अपडेट देते. टॅब घेतला नाही :)

शेजाऱ्यांचा १० इंची आणून बघितला. बाबांना एकाच हाताने सगळं करायचंय. टॅब धरला तर दाबणार कशाने? स्टँडवर लावला तर दुसऱ्या खोलीत गेले की तो तिथेच राहतो. त्यांचा स्वतःचा जुना मोबाईल मांडीवर ठेवून डाव्या हाताने बरोबर दाबतात. शिवाय तो त्यांचा आहे, हाताळायची सवय आहे.

जेलो आईला आवडलं, बाबांना नाही. शेवटी सीबोर्ड नावाचं दुसरं ॲप घेतलं, तेही फुकट आहे, आपले फोटो टाकता येतात आणि प्रत्येक चौकोनावर आपला आवाज रेकॉर्ड करता येतो. त्यामुळे ॲपला मराठी येतं का हा प्रश्नच संपला. मशीनचा बाईचा आवाज ऐकून बाबा वैतागायचे, आता सगळं काकांच्या आवाजात आहे, दोघांचा आवाज सारखाच. (हो, तेच काका. धागा वाचला त्यांनी.) एक बटण मात्र बाबांच्याच आवाजात, व्हॉट्सॲपवर त्यांचा जुना मेसेज सापडला, "अगं फोन उचल की", तो दुसऱ्या मोबाईलवर वाजवून रेकॉर्ड केला. आता कुणाला हाक मारायची असली की ते दाबतात आणि घरातले सगळे आपापले फोन शोधतात.

सध्या जास्त वापर "तुला कळलं नाही" याचा होतोय. आईला दिवसभर ऐकवतात.

चुकून दुसरंच काही उघडू नये म्हणून सेटिंगमधून ॲप पिन केलंय, खर्च मागे लावायच्या रबरी पकडीचा, बाकी पैसे फिजिओला.

सानपाडा_सुलू
वा! तरी एक लॅमिनेटेड पान करून ठेवाच. मोबाईल चार्जिंगला असताना काय?

मिलिंद_कळवा
मोबाईलची स्क्रीन फारच लहान हो. पश्चात्ताप होईल, बघा.

पांचपाखाडी_प्रभाकर
बघू किती दिवस वापरतात.

वाशीची_स्पीचथेरपिस्ट
मीही टॅबच म्हटलं असतं, पण एका हाताचा मुद्दा बरोबर आहे. चित्रं वाढवताना जुन्यांची जागा हलवू नका, हात जागा लक्षात ठेवतो.

घोडबंदरचा_राजा
आयपॅड मिनी पण मांडीवर राहतो.

मिलिंद_कळवा
बरं, माझा १० इंची टॅब कुणाला हवा असेल तर देणे आहे. तीन हजार, चार्जरसकट. कळव्यात येऊन न्यावा लागेल.

खडूस_कोपरीकर
मदरबोर्डसह का?