शाळेची इमारत आजूबाजूच्या वस्तीच्याही कामी यावी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या छोट्या मराठी शाळेची नवी इमारत बांधायची आहे. आत्ताचे वर्ग पत्र्याखाली आहेत. एप्रिलमध्येच दुपारी दुसरीतली मुलं पाण्याची बाटली गालाला लावून बसतात, ते बघवत नाही.

दक्षिणोत्तर खिडक्या आणि रुंद व्हरांडा नक्की केलाय. माळव्याच्या रात्री उन्हाळ्यातही थंडावतात, म्हणून रात्री झरोके उघडे ठेवून जाड भिंती गार करून घ्यायचा विचार आहे. असं कोणी केलंय का? दुपारी खरंच फरक पडतो? आणि डासांचं, कबुतरांचं काय करता?

दुसरी अडचण जमिनीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एक इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल जाणारे, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब) म्हणतात, दुसरे माती काढून मुरूम भरा म्हणतात. एकमजली इमारतीला काय परवडेल?

पाणी नर्मदेचं, सुमारे ७० किलोमीटरवरून उपसून आणलेलं. ते जपून वापरायलाच हवं. ४०० चौरस मीटर छत आणि ९०० मिमी पाऊस धरला, गळती वजा केली, तरी पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी मिळतं. टाकी केवढी बांधावी?

संध्याकाळी हॉल आणि वाचनालय वस्तीला खुलं ठेवायचंय. आजी-आजोबांना पायऱ्या नकोत, आणि वर्गांना कुलूप लावूनही स्वच्छतागृह वापरता यावं. असा नकाशा कोणाकडे असेल तर कृपया दाखवा, आम्ही बघायला येऊ.