रेशीम अळ्यांच्या उन्हाळी बॅचला ग्रासरी रोग, शेडमध्ये ओले गोणपाट लावावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बीड जिल्ह्यातून लिहितोय. तुती व्ही-१ जातीची आहे, चॉकी सेंटरवरून (लहान अळ्या वाढवून देणारं केंद्र) दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणतो. थंडीत कोष झकास निघतात पण मार्च उलटला की पाचव्या, म्हणजे कोष करण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेत ग्रासरी ठरलेली. अळीची पेरं सुजतात, रंग पिवळट पडतो, पाला सोडून रॅकच्या कडेकडेने फिरत राहते, आणि कातडी फुटली की दुधासारखं पाणी सांडतं, तोच पाला बाकीच्या खातात की झालं, दोन दिवसांत अख्खा रॅक. ऐन पाला खायच्या दिवसांत, सगळा खर्च होऊन गेल्यावर असं झालं की जीव तुटतो हो.

रोग विषाणूचा आहे हे माहितीये, उन्हाने तो तयार होत नाही. पण पत्र्याचं शेड, दुपारी ३८ पर्यंत जातं, पहाटे २४. मोठ्या अळीला हवं २४-२५ आणि आर्द्रता ७० च्या आसपास. मग अंगात दबून असलेला विषाणू या चढउतारानेच उसळतो का? आणि मुख्य प्रश्न, गोणपाट ओले करून लावले तर गारवा येतो पण दमटपणा वाढून फ्लॅचरी (अळी मऊ पडून सडण्याचा रोग) मागे लागेल का? एक वाचवताना दुसरं नको.

प्रतिसाद १ (जालना):
दादा, हो, उष्णता आणि तापमानातला मोठा फरक दोन्हीने अळीची ताकद जाते आणि दबलेली ग्रासरी वर येते. त्यात सुकलेला पाला पडला तर अजूनच. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की गोणपाट बिनधास्त लावा, फक्त खिडक्या बंद करू नका. फ्लॅचरीला कोंडलेली हवा आणि ओलं बेड (अळ्या आणि पाल्याचा थर) लागतं, त्यामुळे पाण्याने निथळणारा पाला टाकू नका. जूनमध्ये पाऊस लागला की मात्र गोणपाट काढाच. पत्र्यावर पाचट टाका, त्याने खरा फरक पडतो. पाला पहाटे तोडून ओल्या कापडाखाली ठेवा.

प्रतिसाद २:
वरचं सगळं बरोबर, पण गारवा करून शेडमधला जुना विषाणू मरत नाही हो. बॅच निघाली की २ टक्के ब्लिचिंग पावडर आणि ०.३ टक्के चुन्याच्या द्रावणाने भिंती, रॅक, जमीन सगळं भिजवा. फिरणारी अळी दिसली की फुटायच्या आत चिमट्याने उचलून चुन्याच्या पाण्यात. आणि थंडीत दमट हवेत गोणपाट लावाल तर पांढरी मस्कार्डीन (बुरशीचा रोग) येईल, अळी खडूसारखी कडक होते, तेव्हा तिथे उलटं, चुना मारून बेड कोरडं ठेवायचं.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे. पाचट उद्याच टाकतो. चौथी कात परवा सुटेल, विजेता पावडर (अळ्यांवर आणि बेडवर मारायची निर्जंतुक पावडर) बहुतेक अळ्या कातीतून उठल्यावर मारून अर्ध्या तासाने पाला द्यायचा ना? आणि पाचव्या अवस्थेत चौथ्या दिवशी परत मारायची, की इतक्या उन्हात अजून लवकर?