मेल आली नाही म्हणजे बॅकअप झाला असं नाही

बॅकअपचा जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) रोज तपासायचा का, यावर कुणी म्हणतं, "जॉब फेल झाला तर मेल येतेच, रोज कोण बघत बसणार". ते अजिबात पटत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबचा (प्रोग्रामर कोड ठेवतात ती साइट) मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की रोजचा डम्प (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) होतच नव्हता: डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ व्हर्जनचा, डम्पचं टूल जुन्या ९.२ चं, म्हणून ते फेल होत होतं. फेल झाल्याच्या मेल निघत होत्या, पण डीमार्कमुळे (मेल खरंच त्या डोमेनची आहे का ते तपासायची पद्धत) समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. वाचवलं ते साधारण सहा तास आधी हातानं घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटनं (डिस्कची त्या क्षणाची प्रत), तोही स्टेजिंगसाठी, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरसाठी घेतलेला!

आमच्याकडे सकाळी बॅकअपच्या शेवटच्या फाइलची तारीख नि साइज बघतोच. साइज एकदम घटली की तपास सुरू. शिवाय दर महिन्याला वेगळ्या सर्व्हरवर पूर्ण रिस्टोअर (बॅकअपमधून डेटा परत उभा करणं), घड्याळ लावून, आणि मग अकाउंट्सवाल्यांना त्यात आदल्या दिवसाचं एखादं व्हाउचर उघडून बघायला सांगतो.